परदेशातलं गणपतीचं पान: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आषाढ सरत आला की ठाणे आणि नवी मुंबईहून येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. लेक म्युनिकला, मुलगा टोरोंटोला, भाचा सिंगापूरला, आणि यंदा गणपती तिकडेच बसणार. बहुतेक पत्रांत पहिला प्रश्न एकच असतो: बॅगेत काय काय भरून देऊ? आमचं मत आधीच सांगून टाकतो. बॅग हलकी ठेवा आणि प्रमाणं लिहून द्या. तांदळाचं पीठ, नारळ, लोणी आता कुठल्याही मोठ्या शहरात मिळतं. उकड नेमकी कधी जमली, पुरण कधी उतरवायचं, हे मात्र घरातूनच शिकून जावं लागतं.

प्रश्न: लेक म्युनिकला असते. गेल्या वर्षी तिने तिथल्या दुकानातल्या तांदळाच्या पिठाचे मोदक केले. निम्मे वळतानाच चिरले, उरलेले वाफेत फुटले. इथून आंबेमोहोराची पिठी पाठवू का? की तिच्या हातातच काही चुकतंय?
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: लेकीला सांगा, हात ठीक आहे, पीठ बदल. जर्मन सुपरमार्केटात 'राइसमेल' नावाने मिळणारं पीठ सहसा कोरडं दळलेलं आणि किंचित रवाळ असतं. पाकिटावर 'फोलकॉर्न' लिहिलं असेल तर ते सालासकट तांदळाचं, म्हणजे मोदकाला अगदीच निरुपयोगी. आपण तांदूळ धुतो, सावलीत वाळवतो आणि मग बारीक दळतो. शिवाय आंबेमोहोर, इंद्रायणी हे तांदूळ शिजल्यावर अंगचेच चिकट. मोकळा शिजणारा लांब दाण्याचा तांदूळ एकटा वापरला की उकड गार होताना कडक होते आणि कळी काढतानाच चिरते.

पिठी पाठवायला हरकत नाही, पण तिची गरज नाही. म्युनिकमधल्या आशियाई दुकानात थाई तांदळाचं पीठ मिळतं. ते भिजवलेल्या तांदळाचं, फार तलम असतं. तीन तोंडी हत्तीच्या छापाचं पाकीट असेल तर रंग नीट बघायला सांगा: लाल छपाईचं साध्या तांदळाचं, हिरव्या छपाईचं चिकट तांदळाचं. सगळेच मोदक हिरव्या पाकिटाचे केले तर वाफेत बसतात, त्यांची चपटी भाकरी होते. लाल पाकिटातल्या १५० ग्रॅम पिठात हिरव्यातलं एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १० ग्रॅम मिसळायचं. तेवढ्याने उकड लवचीक होते.

११ मोदकांचं प्रमाण असं. १५० ग्रॅम पिठी, २४० मिली पाणी, चिमूटभर मीठ, एक चहाचा चमचा तूप. थाई पीठ तलम असल्याने जास्त पाणी पितं, तेव्हा २६० मिलीपर्यंत जावं. २१ मोदकांना हे सगळं दुप्पट घ्यावं, एखाददोन मोदकांचं पीठ उरतं, ते उरलेलं बरं. परदेशात वाटीऐवजी वजनकाटा वापरायला सांगा. अमेरिकी मापाचा कप २४० मिलीचा, आपली घरातली वाटी दीडशे ते दोनशेची, आणि 'एकास एक' सांगताना नेमका इथेच घोटाळा होतो.

पाणी, मीठ, तूप खळखळून उकळलं की पीठ एकदम घालायचं आणि लाकडी उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं. आता इथे काचेच्या शेगडीची खोड लक्षात ठेवावी. गॅस बंद केला की आच संपते, पण काचेखालची तार बंद केल्यावरही बराच वेळ धगधगत असते. पातेलं तिथेच ठेवलं तर उकड तळाशी लागते, वर कच्ची राहते. म्हणून पीठ ढवळून झालं की पातेलं लगेच दुसऱ्या, गार चुलीवर सरकवायचं, घट्ट झाकण घालायचं आणि १० मिनिटं हात लावायचा नाही.

मग मळणं. उकड हाताला सोसेल इतकी गरम असतानाच मळावी लागते, गार झाल्यावर गुठळ्या मोडत नाहीत. आधी तूप लावलेल्या स्टीलच्या पेल्याच्या बुडाने रगडावी, मग पाण्याचा हात घेऊन ५ मिनिटं मळावी. केकचं पीठ फेटायचं उभं मिक्सर असेल तर त्याच्या चपट्या पात्याने ३ मिनिटांत काम होतं, आणि त्यात काही कमीपणा नाही. परीक्षा अशी: लिंबाएवढी गोळी दोन तळव्यांत दाबावी. कड गुळगुळीत राहिली तर जमली. बारीक भेगा पडल्या तर अजून मळा. मळूनही भेगा राहिल्या तर पाणी कमी पडलंय, चमचा-चमचा गरम पाणी शिंपडून मळा. हाताला चिकटून तार निघत असेल तर पाणी जास्त झालंय. मग चमचाभर पिठी घालून तो गोळा ५ मिनिटं वाफवावा आणि पुन्हा मळावा. कच्चं पीठ नुसतं कालवून भागत नाही, मोदकाला पिठाळ चव येते.

वळताना पारीची कड पातळ, मधला भाग किंचित जाड. बोटं पाण्यात किंवा तुपात बुडवून कळ्या काढाव्यात. एका वेळी एकच गोळी बाहेर, बाकी उकड ओल्या फडक्याखाली.

वाफेत फुटतात त्याची कारणं साधारण तीन. सारण ओलं असलं की आतल्या वाफेला वाट हवी असते आणि ती कळीतून निघते. टोक नीट मिटलेलं नसलं तरी तेच. आणि तिसरं म्हणजे वेळ: पाणी आधी उकळलेलं हवं, मग मोदक ठेवायचे आणि १० ते १२ मिनिटांत उतरवायचे. वीस मिनिटं ठेवले की अंग सुटतंच. वाफेवर ठेवण्याआधी प्रत्येक मोदक गार पाण्यात बुडवून काढावा, त्याने चिरत नाही आणि वर तकाकी येते. मोदकपात्र नसेल तर बांबूची चाळणी उत्तम, कारण ती झाकणाचं पाणी शोषते. काचेचं किंवा स्टीलचं झाकण असेल तर ते फडक्यात गुंडाळा, थेंब पडले की मोदकाला खड्डे पडतात. ओलं बोट लावल्यावर चिकटलं नाही की मोदक झाला.

प्रश्न: सून डब्लिनला ओला नारळ मिळत नाही म्हणून सुक्या किसाचं सारण करते. कधी ते गुठळी होऊन दगड होतं, कधी पाणी सुटतं. गूळही तिला नेहमी मिळत नाही.
– एक वाचक, नेरुळ

उत्तर: सूनबाईंनी आधी फ्रीझरचं कपाट बघावं. भारतीय आणि श्रीलंकन दुकानांत खवलेला ओला नारळ गोठवलेला मिळतो आणि तोच सगळ्यात चांगला. मात्र तो पूर्ण वितळू द्यावा आणि सुटलेलं पाणी निथळावं. पाणी सुटतं ते इथेच, गोठलेला चव तसाच कढईत घातल्यामुळे.

सुका कीसच घ्यायचा तर बिनसाखरेचा घ्यावा. १०० ग्रॅम किसावर १०० मिली कोमट नारळाचं दूध किंवा साधं दूध शिंपडून अर्धा तास झाकून ठेवावा, मग वापरावा. कोरडा कीस थेट गुळात टाकला की तो गुळातलं पाणी ओढून घेतो, गूळ पुढे पाकावर जातो आणि दगड तयार.

११ मोदकांना २०० ग्रॅम ओला चव आणि १०० ते १२० ग्रॅम गूळ. मध्यम आचेवर गूळ विरघळला की ७-८ मिनिटं. कढईच्या कडेने सारण सुटू लागलं, पण दाबल्यावर अजून मऊ आहे, अशा वेळी उतरवावं. गार होताना ते आणखी आळतं, म्हणून 'अजून थोडं' म्हणत थांबू नये. कडक झालंच तर दोन चमचे दूध घालून मंद आचेवर परतावं. वेलची आणि जायफळ उतरवल्यावर घालावं.

गुळाऐवजी दक्षिण अमेरिकन 'पॅनेला' घ्यावी, तीही उसाच्या रसाची न गाळलेली ढेपच असते. ती कडक असते, किसून घ्या. मलेशिया-थायलंडची ताडाची साखर चालते, पण तिला स्वतःची धुरकट चव असते. गडद ब्राऊन साखर हा शेवटचा पर्याय. सारण आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवावं. गार सारणाचे मोदक वळायलाही सोपे.

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीला, भाचा सिंगापूरला, भाची फ्रँकफर्टला. तिघांसाठी जांभळी नाक्यावरून सामान आणलंय: खसखस, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, आंबेमोहोर तांदूळ, साजूक तूप, कापूर, कढीपत्ता. कोणाला काय देऊ?
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर: यातली प्रत्येक वस्तू कुठे ना कुठे अडते, म्हणून एकेक घेतो.

खसखस सगळ्यात गंभीर. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात ती अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. अफूच्या बोंडातलं बी आहे ते. चिमूटभरही नको आणि खसखस लावलेले अनारसेही नकोत. दुबईला किंवा सिंगापूरला जाणाऱ्याच्या बॅगेत ती चुकून राहिलेली नाही, हे मसाल्याचा डबा उघडून बघा. सारणात तिच्याऐवजी थोडे भाजलेले पांढरे तीळ घालता येतात, किंवा ती सरळ वगळावी. सौदीत जायफळही नको.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानातच चालत नाहीत. खोबरं तेलकट असतं, उष्णतेत स्वतःहून तापून पेट घेऊ शकतं, म्हणून २०२२ पासून भारतातल्या विमानतळांवर ते चेक-इन बॅगेतही नेऊ देत नाहीत. कापूरही ज्वालाग्राही, तोही ठेवून द्या.

तांदूळ अमेरिकेला देऊ नका. आपल्याकडच्या साठवणीच्या धान्यात खाप्रा नावाचा भुंगेरा असतो, त्याच्या भीतीने प्रवाशांच्या सामानातला भारतीय तांदूळ तिथे काढून घेतात. अख्खं जिरं आणि हरभरे यांनाही तोच नियम. कढीपत्त्याची ताजी पानं अमेरिकेत बंद, कारण लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग त्यांवरून पसरतो. पिठी न्यायची तर कारखान्यात बंद केलेल्या, इंग्रजीत छापलेल्या पाकिटातली, आणि चेक-इन बॅगेत. ३५० मिलीपेक्षा जास्त पूड केबिन बॅगेत असली तर अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ती अडवू शकतात.

तूप फ्रँकफर्टला नको. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, खवा, तूप, सगळं त्यात आलं. ब्रिटनमध्येही भारतातून नेलेलं दुधाचं काही चालत नाही. पण तूप पाठवायचंच कशाला? तिथलं बिनमिठाचं लोणी ८२ टक्के स्निग्धांशाचं असतं. २५० ग्रॅम लोणी मंद आचेवर २० मिनिटं कढवलं की २०० ग्रॅमच्या आसपास रवाळ तूप होतं. लोणी आधी फसफसतं, मग आवाज शांत होतो आणि तळाची बेरी बदामी दिसते. त्याच क्षणी गाळावं. जर्मनीत 'बुटरश्माल्त्स' नावाचं तयारही मिळतं, पण घरी कढवलेल्याचा वास वेगळाच.

मग द्यायचं काय? वेलची, केशर, मोदकाचा साचा, पंचपात्र, खसखस न घातलेला घरचा गोडा मसाला पाकीटबंद करून, आणि हाताने लिहिलेली प्रमाणांची वही. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचं जे काही बरोबर आहे ते जाहीर करायला सांगा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला दंड बसतो.

आणखी एक. पितळेचं मोदकपात्र देणार असाल तर घरी इंडक्शन आहे का विचारा. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम त्यावर तापत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते चालतं. न्यू जर्सीला इथला मिक्सरही देऊ नका: तो २३० व्होल्टचा, तिकडे वीज १२० व्होल्टची.

प्रश्न: मुलगी कॅलिफोर्नियात आहे. नैवेद्य इथल्या वेळेला दाखवायचा की तिथल्या? आणि चतुर्थी सोमवारी आली तर शनिवारी केलेली चालते का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर: तिथल्या. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी लागते, पण गणेशपूजेला मध्याह्न लागतो आणि तो ज्याच्या त्याच्या गावचा. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच भाग केले की तिसरा भाग मध्याह्न. उन्हाळी वेळेत कॅलिफोर्निया आपल्या १२ तास ३० मिनिटं मागे असतं, त्यामुळे एखाद्या वर्षी तिथली चतुर्थी आदल्या तारखेलाही येते. इथल्या पंचांगातल्या वेळा भारतीय प्रमाणवेळेच्या, म्हणून त्या शहराचं पंचांग बघावं.

शनिवारचं विचाराल तर पूजा आणि पाच मोदकांचा नैवेद्य त्या दिवशीच करावा, कामावर जाण्याआधी आटोपशीर केला तरी चालेल. माणसं जेवायला बोलावून केलेलं मोठं पान शनिवारी वाढावं. दोन्हीची गल्लत करून तिथी हलवू नये, असं आम्हाला वाटतं.

प्रश्न: मी या महिन्यात शिकायला ॲमस्टरडॅमला जातोय. चौघांत एक स्वयंपाकघर, दोन चुलींचं इंडक्शन, एक राइस कुकर. नैवेद्याचं पान जमेल का?
– एक विद्यार्थी, वाशी

उत्तर: जमेल. पान छोटं ठेव, पण पूर्ण कर: वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पाच मोदक, लिंबाची फोड आणि मीठ. मीठ, लिंबू, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, वरण-भाताची मूद पुढ्यात आणि तिच्यावर तूप.

दोन तासांचा क्रम लिहून घे. आदल्या रात्री सारण करून ठेव आणि तूरडाळ भिजत घाल. सकाळी पहिल्या चुलीवर डाळ चढव: पाऊण वाटी डाळ, अडीच वाटी पाणी, हळद, हिंग. भिजलेली डाळ उघड्या पातेल्यात ३५-४० मिनिटांत शिजते, कुकरची गरज नाही. दुसऱ्या चुलीवर उकडीचं पाणी. उकड झाकून मुरते तेवढ्यात बटाटे चिरून त्याच चुलीवर टाक. मोदक वळून होईपर्यंत राइस कुकरमध्ये तांदूळ चढव आणि त्याच्या वरच्या जाळीत मोदक ठेव. मात्र मोदक भात उकळू लागल्यावर ठेवायचे, पहिल्यापासून नाही, नाहीतर कोमट वाफेत ते चिकट होऊन बसतात. कोशिंबीर शेवटी. मीठ आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं.

धुराच्या घंटीचं नीट बघून ठेव. फोडणीला तेलातून धूर येईपर्यंत थांबू नकोस. मोहरी मध्यम आचेवरही तडतडते. वरचा पंखा आधीच सुरू कर, खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. घंटीवर पिशवी बांधून ती बंद करू नकोस, बहुतेक घरभाड्याच्या करारांत त्याला मनाई असते आणि ते धोक्याचंही आहे. आरतीला तुपाची एक वात पुरे.

प्रश्न: मुलगा-सून टोरोंटोला. गौरीजेवणाला पुरणपोळी करतात. पुरण सैल होतं आणि पोळी लाटताना आक्रसते. पुरणयंत्रही नाही.
– एक सासूबाई, ऐरोली

उत्तर: पोळी आक्रसते याचं कारण पीठ. कॅनडातला साधा मैदा आपल्या मैद्यापेक्षा जास्त चिवट असतो, लाटणं उचललं की मागे येतो. आणि 'आटा' म्हणून उत्तर अमेरिकेत विकलं जाणारं पीठ बऱ्याचदा ड्युरम गव्हाचं असतं, त्याची पारी ताणायच्या आधीच फाटते. तिथे 'केक अँड पेस्ट्री फ्लार' मिळतं. एक वाटी साध्या मैद्यात अर्धी वाटी ते आणि अर्धी वाटी कणीक मिसळावी. मीठ, चिमूट हळद, सैलसर भिजवून ३ मोठे चमचे तेल घालून मळावं आणि निदान दोन तास झाकून ठेवावं. कणीक हातातून लोंबली पाहिजे. पोळीच्या कणकेइतकी घट्ट असेल तर पुरण कडेपर्यंत पोचत नाही.

आता पुरण. हरभऱ्याची डाळ २०० ग्रॅम, गूळ २०० ग्रॅम, यात १० ते १२ पोळ्या. डाळ ४ तास भिजवून तिप्पट पाण्यात, थोडी हळद आणि चमचाभर तेल घालून शिजवावी. विजेच्या प्रेशर कुकरमध्ये १५ मिनिटं आणि दाब आपोआप उतरू द्यावा. दाणा बोटांत दाबला की पीठ व्हावा. पाणी कठीण असेल तर डाळ हट्टाने कणीदार राहते, तिथे फिल्टरचं पाणी वापरावं. गूळ डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावा. आधी घातला तर डाळ पुढे शिजतच नाही.

सैल पुरणाचं कारण मात्र शंभरात नव्वद वेळा एकच: डाळ निथळली नाही. चाळणीत निदान १५ मिनिटं राहू द्यावी. खालचा कट टाकू नका, कटाची आमटी त्याचीच. गूळ घालून शिजवताना उलथनं मधोमध उभं केलं आणि ते पडलं नाही की उतरवावं. तरी सैल राहिलं तर पसरट ताटलीत मायक्रोवेव्हमध्ये दोन-दोन मिनिटं फिरवावं, दर वेळी ढवळून. पुरणयंत्राऐवजी उकडलेले बटाटे दाबायचं यंत्र घ्यावं, भोकं बारीक असलेलं. पुरण गरम असतानाच दाबायचं. गार झालं की हात दुखतात आणि पुरण अर्धंच निघतं.

प्रश्न: आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मुलगा लंडनला आहे. चिंबोऱ्या कुठून आणायच्या आणि सोडे पाठवता येतील का?
– एक वाचक, दिवाळे गाव, नवी मुंबई

उत्तर: सोडे पाठवता येतील. ब्रिटनमध्ये मांस आणि दूध चालत नाही, पण मासळी घरच्या वापरापुरती नेता येते. दोन पिशव्यांत हवा काढून बंद करा, वर झाकणाचा डबा, नाहीतर कपड्यांचा वास आठवडाभर जाणार नाही.

आपली खाडीतली चिंबोरी तिथे ताजी मिळणं कठीण. लंडनच्या बिलिंग्जगेट मासळी बाजारात पहाटे तिथला तपकिरी खेकडा मिळतो. त्याची पाठ रुंद आणि कवच जाड असतं, त्यामुळे नांग्या आधी हातोडीने चेचाव्यात, नाहीतर रसा आत जात नाही. पाठ उघडल्यावर पिसांसारखे करडे कल्ले दिसतात, ते सगळे काढून टाकावेत. तपकिरी गर मात्र ठेवावा. तो रश्श्यात विरघळला की रसा दाट होतो, म्हणून नेहमीपेक्षा वाटण एक चतुर्थांश कमी घ्या. एक किलो खेकड्याला घरचा मसाला तीन चमचे आणि उकळी आल्यावर १५ मिनिटं पुरेत. पूर्व लंडनच्या बांगलादेशी दुकानांत गोठवलेली कोळंबी आणि पापलेटं असतात, घाईत त्यांच्यावर भागतं.

प्रश्न: मेलबर्नला ऋषीपंचमीची भाजी कशी करायची? अळू आणि माठ कुठे शोधायचा?
– एक वाचक, कळवा

उत्तर: ऑस्ट्रेलियात सप्टेंबर म्हणजे थंडी नुकती सरलेली, ताजा अळू दुर्मीळ. फिजी, सामोआच्या लोकांच्या दुकानांत अळूची पानं मिळतात, तीही गोठवलेली चालतील. पण खाजेची काळजी घ्यायची. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारखे कण असतात, तेच घशाला टोचतात. पानं बारीक चिरून चिंचेच्या कोळासह निदान ४० मिनिटं शिजवा, आणि पहिला घास आपणच घेऊन बघा. खाज वाटली तर अजून चिंच घालून पुन्हा शिजवा.

अळू नसेल तर तिथलं 'सिल्व्हरबीट' घ्यावं. पानं माठासारखी, देठं सोलून अळूच्या देठांसारखी वापरता येतात, आणि खाजेचा प्रश्न नाही. ४०० ग्रॅम सिल्व्हरबीट, २०० ग्रॅम लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे चार तुकडे, १०-१२ भेंड्या, शिराळं मिळालं तर एक, दोन हिरव्या मिरच्या, लिंबाएवढी चिंच, अर्धी वाटी ओला नारळ, मीठ. बैलाच्या कष्टाचं काही त्या दिवशी खायचं नाही, म्हणून पुष्कळ घरांत तेलाची फोडणी नसते. मका आणि भोपळा आधी चढवायचा, मग भेंडी, पालेभाजी शेवटी. चिंच भेंडीबरोबर घातली की भेंडीला तार सुटत नाही. नारळ उतरवताना.

प्रश्न: उरलेले मोदक दुसऱ्या दिवशी ऑफिसात प्रसाद म्हणून न्यायचे तर?
– एक वाचक, खारघर

उत्तर: फ्रीजमध्ये मोदकाचं अंग कडक होतं, ती तांदळाची जातच. सकाळी पाण्याचा हात लावून ५ मिनिटं पुन्हा वाफवावेत. मायक्रोवेव्हच करायचा तर ओल्या कागदी रुमालात गुंडाळून ३० सेकंद. तुपाचं बोट लावून डब्यात एकाच थरात ठेवा, एकमेकांना टेकू देऊ नका. डब्यावर चिठ्ठी चिकटवा: नारळ, गूळ, तांदूळ, तूप, आणि काजू घातले असतील तर तेही. परदेशात बऱ्याच जणांना सुक्या मेव्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी असते आणि ते न विचारता खात नाहीत. गहू नसल्यामुळे ग्लुटेन टाळणाऱ्यांना मोदक चालतो. सारणात दूध घातलं नाही, सारणात आणि उकडीत तुपाऐवजी खोबरेल वापरलं, आणि वरून तूप लावलं नाही, तर दूध न खाणाऱ्यांनाही.